दुपारच्या भागातलं निळं दार

या फोरमवरचे बरेच जण मला मालिकांच्या धाग्यावरून ओळखतात. भाग बघायचा आणि त्यातल्या चुका काढून लिहायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्याआधी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की मी आधी त्यांचं बीपी तपासायला सांगायचे. त्यामुळे या अनाकलनीय अनुभवांच्या विभागात कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण लिहिते.

मी खंडाळ्यात एकटी राहते. स्वयंपाकाला पारूबाई येतात. माझ्याच वयाच्या, मूळच्या पवनानगरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतल्या. रात्री मी लवकर झोपते, म्हणून आदल्या रात्रीचा भाग दुपारी दोनला परत लागतो तो आम्ही दोघी जेवणं उरकून बघतो. तेव्हा एक थ्रिलर चालू होती. कुणीतरी उद्योगपती सासऱ्यांना गायब केलंय आणि सून त्यांना शोधतेय. एकेका वाक्यावर सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा, मागे ढगांचा गडगडाट. गुपित काय ते फुटणार शुक्रवारीच.

तो बुधवार होता. श्रावणातलं धुकं पार खिडकीला टेकलेलं. भाग नेहमीसारखाच चालला होता आणि मध्येच सीन बदलला — पाण्याच्या काठावरची एक पत्र्याची खोली. निळं दार, बाहेरून कडी. कॅमेरा तिथंच थांबला. म्युझिक नाही, गडगडाट नाही... ही मालिका एक मिनिटही गप्प बसत नाही, म्हणून ते मला लगेच जाणवलं. आतून कुणीतरी दार वाजवत होतं. मग म्हाताऱ्याचा आवाज.

"कुनी हाय का? कडी काढा... पाय मोडलाय."

मला हसूच आलं. कालपर्यंत छापील मराठी बोलणारे सासरे एकदम मावळी बोलायला लागले! संवादलेखक झोपला असणार, हे आज लिहायचंच, असं मी ठरवलं. हाक येतच राहिली. शेवटी मी हसत टीव्हीला म्हटलं, "ओरडू नका आजोबा, शुक्रवारशिवाय काही दार उघडत नाही."

पारूबाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"बाई, ह्यो आमच्या सोमाभाऊचा आवाज हाय."

सोमाभाऊ म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. पवनेच्या काठावर एका कॅम्पसाइटवर राखणीला असतात, तेही एकटेच. मी समजावलं, अहो, नट आहे तो कुणीतरी. त्यांनी भावाला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"पावसात तिकडे रेंज नसते," मी म्हटलं. "एवढ्या धुक्यात कुठे जाता? उद्या जा."

"न्हाई बाई. त्यो मला हाका मारतोय. पारे म्हन्तोय."

मी 'पारे' काही ऐकलं नव्हतं. पण त्या थांबल्या नाहीत. आधी रिक्षा, मग लोकलने कामशेत, तिथून जीप. इकडे मी निवांत चहा करून घेतला आणि त्या भागावर लांबलचक पोस्ट लिहिली. सासऱ्यांच्या भाषेवर, त्या न संपणाऱ्या दाराच्या सीनवर.

रात्री आठच्या सुमारास पारूबाईंचा फोन आला. सोमाभाऊ सापडले होते. पावसाळ्यामुळे कॅम्पसाइट बंद होती. मंगळवारी सकाळी ते पंपाच्या खोलीत पाणी शिरलंय का बघायला गेले, घसरून पाय मोडला, वाऱ्यानं दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली. दीड दिवस ते गुडघाभर पाण्यात बसून होते. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र काढली नसती.

मी धाग्यावर गेले, तर माझ्या पोस्टखाली सगळे विचारत होते, काकू, कुठला भाग बघितलात? दाराचा सीन कुणालाच माहीत नव्हता. धाग्यावरच्या ज्या दोघींनी तो भाग दुपारीच पाहिला होता, त्यांनाही नाही. ॲपवर तोच भाग मी चार वेळा बघितला. सासरे त्यात दिसतसुद्धा नाहीत. चॅनेलची चूक म्हणावं, तर ती फक्त आमच्याच टीव्हीवर कशी? डुलकी लागली म्हणावं, तर दोघींना एकच स्वप्न? आमच्या शाळेतल्या फिजिक्सच्या सरांनाही विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

गणपती झाल्यावर मी सोमाभाऊंना बघायला गेले. ओसरीवर पाय लांब करून बसले होते. प्लास्टर अजून होतं. मी म्हटलं, "कसं वाटतंय आता, भाऊ?"

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिले. पारूबाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या.

"बाई, परत बोला."

"काय बोलू?"

"व्हय. ह्योच आवाज." ते अगदी शांतपणे बोलत होते. "बुधवारी दुपारी दाराभाईर एक बाई हुती. मी लय हाका मारल्या. तिला ऐकू जात हुतं. हसली ती."

त्या बुधवारी मी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. पंपाची खोली तर मी आजही पाहिलेली नाही. तिचं दार निळं आहे का, हे पारूबाईंना विचारायचीही माझी हिंमत झालेली नाही.

सोमाभाऊंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

"तुमी शुक्रवार का म्हन्लात, बाई?"

आतून कपबशांचा आवाज येत होता. मी टीव्ही बघत होते, एवढंच खरं उत्तर होतं. बाकीचं तर मला अजूनही कळलेलं नाही.