शिट्टीबाईंचा डावा हात

शिट्टीबाईंना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवण उभ्याने, चहा उभ्याने, पालकसभेतसुद्धा दाराच्या चौकटीला टेकून. शाळेत त्या खेळ शिकवतात आणि गळ्यात सदैव शिट्टी असते, म्हणून मुलींनी हे नाव ठेवलं. ते इतकं चपखल बसलं की एकदा भर सभेत मुख्याध्यापकांच्याही तोंडून निसटलं. बाईंनी डोळे वटारले खरे, पण मनातून त्यांना ते आवडलं होतं.

तर बेचाळिसाव्या वर्षी या बाई एका व्हिडिओ गेममध्ये शिरल्या, आणि आठ दिवसांत त्यांच्या जिवाची नुसती घालमेल झाली.

कारण त्यांची धाकटी बहीण. ती त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रकार. कंपनी म्हणजे एका इमारतीचा तिसरा मजला, अठरा माणसं आणि कधीच न विसळलेले कॉफीचे मग. नव्या गेमची नायिका बर्फाच्या डोंगरातून निरोप पोचवणारी लढवय्यी होती. तिचं पळणं, चढणं, पडणं खरं वाटावं म्हणून खरीखुरी पळणारी, चढणारी, पडणारी बाई हवी होती. धाकटी म्हणाली, "ताई, तूच ये ना. नाहीतरी तू घरातसुद्धा पळतच असतेस."

ताई गेली. तिला अंगाबरोबर घट्ट बसणारा काळा पोशाख मिळाला, त्यावर जागोजागी सुपारीएवढे पांढरे गोळे चिकटवलेले. खोलीभर कॅमेरे होते. बाईंनी हात हलवला की ते गोळे हलत आणि संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचा एक माणूस तस्साच हात हलवी. हीच हालचाल नंतर नायिकेच्या अंगात घालायची होती. बाईंना गंमत वाटली. तीन दिवस त्या धावल्या, लाकडी खोक्यांवरून उड्या मारल्या, गाद्यांवर कोसळल्या. एवढ्यावर थांबतील तर त्या शिट्टीबाई कसल्या! सोमवारी त्यांनी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेला सांगून टाकलं की दोन महिन्यांनी एक गेम येतोय, त्यात तुमच्या बाई पळणार आहेत.

हालचाली साफसूफ करण्याचं काम एका गृहस्थांकडे होतं. त्या तरुण कळपात त्यांचेच तेवढे केस पिकलेले, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. चौथ्या दिवशी त्यांनी बाईंना पडद्याजवळ बोलावलं.

"बाई, एक विचारू का? दर उडीनंतर तुमचा डावा हात मांडीकडे जातो. काहीतरी खाली ओढल्यासारखा."

"माझा? छे हो."

काकांनी दाखवलं. ठिपक्यांची बाई खोकं ओलांडून उतरली आणि तिचा डावा हात सरळ मांडीच्या वरच्या टोकाशी गेला, चिमटीत काहीतरी धरलं, खाली ओढलं. दुसरं खोकं. परत हात. तिसरं. परत. ओढायला तिथे काहीही नव्हतं, कारण तो काळा पोशाख घोट्यापर्यंत होता.

"सवय असेल कसली तरी," बाई म्हणाल्या आणि बोटांत शिट्टी गरगरा फिरवू लागल्या.

"असू दे. मी रोज कापतोच आहे तो हात," काका म्हणाले. "नायिकेला दिलेलं बघायचंय तुम्हाला?"

बघायचं होतंच. काकांनी एक बटण दाबलं आणि ठिपक्यांवर कातडी आली, केस आले, कपडे आले. म्हणजे आले असं म्हणायचं. छातीवर दोन वाट्या ठोकाव्यात तसा पत्रा, पोट उघडं, कमरेच्या साखळीला पुढे एक आणि मागे एक कापडाची पट्टी, आणि मांडीपर्यंत बूट, चांगल्या चार बोटं उंच टाचांचे. एका खांद्यावर मात्र पिंपाच्या झाकणाएवढं चिलखत. सगळा बंदोबस्त त्या एका खांद्याचा. आजूबाजूला बर्फ पडत होतं आणि तिच्या बरोबरचे पुरुष शिपाई हनुवटीपर्यंत लोकरीत गुंडाळलेले होते.

आणि ही बया शिट्टीबाईंसारखी पळत होती. हनुवटी वर, कोपरं अंगालगत, थांबल्यावर मनगटाने कपाळ पुसणं, सगळं त्यांचं. शाळेतली कुठलीही मुलगी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून हे पळणं ओळखेल.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक धाकटीच्या टेबलापाशी गेल्या.

"हे कपडे कुणी काढले?"

धाकटीने मान वर केली नाही. "मी."

"हिला एकटीलाच उकडतं का गं?"

"ताई, हळू बोल. गोष्टीत तसं लिहिलंय. तिला थंडी वाजणार नाही असं वरदान आहे."

"आणि लाज वाटणार नाही असंही?"

"हे असंच असतं," धाकटी कुजबुजली. "मी आधी नीट कपडे काढले होते. सर म्हणाले, अजून थोडं कमी कर. मग म्हणाले, अजून. सात वेळा. आठव्यांदा मी स्वतःच कमी करून दिलं. मला नोकरी करायचीये, ताई."

सर म्हणजे कंपनीचे मालक, बोलायला गोड आणि सदा घाईत. त्यांनी बाईंना चहा विचारला, खुर्ची दिली, जी अर्थातच रिकामी राहिली, आणि कागद दाखवला. हालचाली कंपनीच्या मालकीच्या, खाली बाईंची सही. ती करताना त्यांनी कागद वाचलाच नव्हता. उभ्याने सही केली होती. "मॅडम, तुमचा चेहरा थोडाच आहे त्यात?" सर म्हणाले. "कोण ओळखणार?"

पुढचे दिवस वाईट गेले. आठवीच्या मुली रोज विचारत, "बाई, गेम कधी येणार?" आणि बाई शिट्टी फुंकून त्यांना मैदानाला एक फेरी जास्त मारायला लावत. मुलींना कळेना की आपलं काय चुकलं. घरी त्या खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत. त्यांना राग कंपनीचा होता, बहिणीचा होता, त्याहून जास्त स्वतःच्या बढाईचा. आणि या सगळ्यात त्यांची नजर सारखी स्वतःच्या डाव्या हाताकडे जाई. जिना उतरताना, बसमधून उतरताना, प्रत्येक वेळी तो मांडीशी जाऊन यायचा. इतकी वर्षं आपण हे करतोय आणि आपल्याला पत्ता नाही!

सोळाव्या वर्षी त्या अडथळ्यांची शर्यत पळत. शंभर मीटर, दहा अडथळे. निवड चाचणीच्या दिवशी क्लबने नव्या चड्ड्या दिल्या, आखूड आणि एक माप लहान. कुंपणापाशी टोळकं उभं होतं. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिट्ट्या मारत होतं. तिघींची निवड व्हायची होती, त्या चौथ्या आल्या. दोन दशांश सेकंदाने. प्रशिक्षक म्हणाले, "उतरल्यावर तुझा पाय आखडतो. मुळात पायातच कमी आहे, त्याला इलाज नाही." बाईंनी ते निमूट ऐकून घेतलं, पळणं सोडलं आणि दुसऱ्यांना पळायला शिकवू लागल्या. त्यानंतर शिट्टी आपल्याच हातात असलेली बरी, असंही त्यांना वाटलं असेल. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहत होती. घरी आल्यावर तिने विचारलं होतं, "ते दादा शिट्ट्या का मारत होते?"

चित्रणाचा एक दिवस अजून बाकी होता, किल्ल्याची भिंत चढण्याचा. त्या सकाळी शिट्टीबाई एक पिशवी घेऊन हजर झाल्या.

"सर, या बाईचे कपडे मी घरी करून आणलेत. हे वर घालून चढते. कपड्याचा अंदाज असला की हालचाल खरी येते."

सर खूश झाले. त्यांना वाटलं, बाई वठणीवर आल्या.

पिशवीतून पत्र्याच्या दोन वाट्या निघाल्या, धाकटीच्या चित्रावरून मापात कापलेल्या, मागून इलास्टिक. मग साखळी आणि पट्ट्या. पिंपाचं खरोखरचं झाकण. आणि धाकटीचेच उंच टाचांचे सँडल, ज्यांत ताईचा पाय अर्धाच मावत होता. हे सगळं काळ्या पोशाखावर चढवून, त्यावर गोळे चिकटवून बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. धाकटीने नखं खायला सुरुवात केली.

इथे एक सांगायला हवं. शिट्टीबाईंना नाटक करता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना झाडाचं काम दिलं होतं, तेही जमलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी त्यांनी जे केलं ते मनापासून केलं. त्या खरंच भिंत चढायला गेल्या.

पहिल्याच पावलाला टाच गाद्यांच्या फटीत रुतली. हात वर केला तर पत्र्याची कड काखेत घुसली. गुडघा उचलला तर पुढची पट्टी पायात आली, म्हणून एका हाताने ती धरावी लागली, आणि मागची कोण धरणार, म्हणून दुसरा हात मागे. अशा रीतीने भिंत चढायला त्यांच्याजवळ एकही हात उरला नाही. उडी मारून कोलांटी घेतली तर झाकण कानशिलावर आदळलं.

"परत एकदा," सर म्हणाले. "या वेळी कपडे न धरता."

बाईंनी परत प्रयत्न केला. आणि परत. अकरा वेळा. घामाने त्या निथळत होत्या आणि काखेतून रक्ताचा बारीक ओघळ खाली आला होता. पडद्यावर नायिका हुबेहूब तेच करत होती. गुडघे जवळ, एक हात पुढे, एक हात मागे, शत्रूच्या किल्ल्यासमोर तुरुतुरु सरकत. आधी सगळे हसले. मग काका हसायचे थांबले, मग एकेक करून बाकीचे.

"हे वापरता नाही येणार," सर म्हणाले. "ती घाबरलेली वाटते."

"घाबरलेली नाहीये ती," शिट्टीबाई धापा टाकत म्हणाल्या. "तिचं लक्ष कपड्यांत आहे. तिथून निघालं तर भिंतीत जाईल ना!"

खुर्ची सरकली. धाकटी उठून उभी राहिली होती, लालबुंद. "सर, मला दोन दिवस द्या. मी नवे कपडे काढते. नाही आवडले तर मला काढा."

सरांचा काही हृदयपालट वगैरे झाला नाही, उगाच गैरसमज नको. त्यांना भिंत चढणारी बाई हवी होती आणि तारीख जवळ आली होती. "दोन दिवस," ते म्हणाले. "पण पोस्टरवरचं चित्र बदलणार नाही. ते छापायला गेलंय."

ते दोन दिवस दोघी बहिणी धाकटीच्या घरी जमिनीवर कागद पसरून भांडल्या. म्हणजे धाकटी जमिनीवर होती, ताई तिच्या भोवती फिरत होती.

"दोर कुठे ठेवेल?"

"कमरेला."

"पडली तर पाठीत रुतेल. खांद्यावरून तिरका घे. आणि निरोपाचं पत्र?"

"आतल्या खिशात."

"खिशाला बटण?"

"लावते गं बाई!"

"हातमोजे काढले की हरवतील, गळ्यात दोरी दे. वेणी कॉलरच्या आत. नाहीतर पहिला शिपाई वेणीच धरेल."

मांडीपर्यंतचं जाड, शिवणी घातलेलं जाकीट झालं, दोन्ही बाजूंना चिरा, म्हणजे गुडघा छातीपर्यंत येईल. गुडघ्याखाली बांधलेली विजार, कोपरांना चामड्याचे तुकडे, सपाट बूट, नाड्यांची टोकं आत खोचलेली. धाकटीने शेवटची रेघ मारली आणि बराच वेळ ती चित्राकडे पाहत राहिली. "हे माझं पहिलं चित्र होतं," ती म्हणाली. "जवळजवळ हेच. बटण नव्हतं फक्त." आणि ती रडायला लागली. ताईने तिच्या डोक्यावर थापट्या मारल्या, हरलेल्या मुलींना मारते तशा, जरा जोरातच.

सरांनी घड्याळाकडे बघत चित्राला होकार दिला, आणि जाकिटाच्या मापाचा जुना कोट घालून बाईंनी सगळं परत केलं, भिंत, उड्या, धाव. तिसऱ्या दिवशी काकांनी दोघींना बोलावलं. पडद्यावर बर्फातून नायिका पळत होती, भरपूर कपड्यांत, हनुवटी वर.

"छान कापलात हो हात," शिट्टीबाई म्हणाल्या. "कळतसुद्धा नाही."

"कापलाच नाही," काका म्हणाले. "या वेळी तो गेलाच नाही. थांबा, गंमत दाखवतो."

त्यांनी पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे पहिल्या दिवशीची ठिपक्यांची बाई, उजवीकडे आजची. दोघी एकदम सुटल्या, एकाच वेळी पहिल्या खोक्यावर आल्या, ओलांडून उतरल्या. डावीचा हात मांडीकडे गेला. काकांनी चित्र तिथेच थांबवलं.

"हे बघा. हात खाली जातो, त्याबरोबर खांदा पडतो आणि पुढचं पाऊल आखडतं. उजवी इथेच पुढे निघाली. तीन फ्रेमने."

"तीन म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

"सेकंदाला तीस फ्रेम. म्हणजे एक दशांश सेकंद. दर उडीला."

शिट्टी फिरायची थांबली. बाईंनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि त्या बसल्या. धाकटी चमकून त्यांच्याकडे पाहू लागली.

"परत लावा," बाई म्हणाल्या.

काकांनी परत लावलं. दोघी सुटल्या. पहिलं खोकं, दुसरं, तिसरं. उजवी पुढे, आणखी पुढे. डावी आपली मांडीवर काहीतरी ओढत मागे.

"दहा अडथळे होते," शिट्टीबाई म्हणाल्या. काकांना काही कळलं नाही. धाकटीला कळलं. तिने ताईचा डावा हात आपल्या हातात घेतला.

"माझा पाय ठीक होता गं," ताई म्हणाली.