चालले व मावशी!

दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान उंच करून साऱ्या गावाची मावशी मासोळीची पिल्लं टिपणाऱ्या बगळ्यांना शिव्या द्यायची. शिव्याही नात्यातल्या. "तुह्या मायनं तुले चारलं नाही काय गा? माही लेकरं कायले खाऊन राहिला?" बगळे उडाले की आमच्याकडे वळून हसायची. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याचा आवाज आधी येतो आणि ते स्वतः मागून.

धानाच्या नि तळ्यांच्या मुलखातला प्रतापगड, त्याच्या बाजूचं आमचं गाव. मालगुजारीचे दिवस, आणि मी नवी सून. तळ्यातली मासोळी जाळी टाकणाऱ्या धिवरांची, तळ्याच्या वरच्या अंगाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आमच्या. आषाढात तळं भरलं की मोठ्या मासोळ्या पाटानं चढून आमच्या बांध्यांत अंडी घालायच्या. उथळ, कोमट पाण्यात, धानाच्या बुडाशी पिल्लं वाढायची. बोटाएवढी झाली की धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडून त्यांना तळ्यात सोडायचं. पिल्लांची राखण मावशीकडे, म्हणून फावड्याचा पहिला घावही तिचाच. धिवरांनी तिला दिलेला तो मान ती वर्षभर साऱ्या गावाला ऐकवायची.

एका वर्षी तळ्यात मरळ फार माजली. मरळ म्हणजे पिल्लांचा काळच. मावशीचा जीव धजेना. "जराशी मोठी होऊ द्या ना बाप्पा. आता सोडली त मरळ गिळते." धिवर कुरकुरले, पण तिच्यापुढे बोलणार कोण?

त्यानंतर पावसानं तोंडच दाखवलं नाही. धानानं पाणी पिऊन टाकलं. पोळ्याच्या सुमारास मावशीनं घाईघाईनं धुरा फोडला, तर पाटात थेंब उतरेना. मग ती चिखलात बसली, ओंजळीनं पिल्लं उचलून ओल्या पदरात घेतली आणि तळ्याकडे धावत सुटली. आम्ही बायकाही घागरी घेऊन धावलो. पण किती नेणार? दुपारी चिखलात पिल्लं चमकत होती, संध्याकाळी वास सुटला. बगळे उतरले. मावशी त्यांना एक शब्द बोलली नाही.

पुढे धिवरांची जाळी रिकामीच वर येऊ लागली. हाटात टोपल्या घेऊन जाणाऱ्या त्यांच्या बायका आमच्याकडे शेतातलं काम मागू लागल्या. पंचांनी मात्र मावशीला दंड केला नाही. "तुह्या मनात वाईट नव्हतं," एवढंच म्हणाले. दंड केला असता तर बरं झालं असतं, भरून मोकळी तरी झाली असती. ती घरांच्या मागच्या वाटेनं जाऊ लागली. मी समोर आले की पदर पुढे ओढायची, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उरल्यासुरल्या मासोळ्या पुढच्या आषाढात पुन्हा चढल्या. धुरा फोडायच्या दिवशी सगळे जमले, पण फावडं कोणी उचलेना. "मान तिचा हाय," म्हातारा धिवर म्हणाला. मी बोलवायला गेले.

"माले कायले बोलावून राहिली व?"

"लोक थांबून राहिले, मावशी."

ती आली. तोंडावर पदर. एका घावात धुरा फोडला आणि पाणी सुटायच्या आत पाठ फिरवली.

पिल्लं पाटानं तळ्याकडे निघाली तशी मी मागून ओरडले, "चालले व मावशी! पाह्य ना!"

"तूच पाह्य. माह्यानं नाही पाहवत."

पुढेही दरसाल ती अशीच यायची आणि न बघता परत जायची. आता तीच नाही. फावडं तिच्या नातसुनेच्या हातात असतं. पाणी सुटलं, पिल्लं वळवळत पाटाला लागली, की मी रिकाम्या वाटेकडे तोंड करून जोरानं सांगते, "चालले व मावशी!"