सत्तावीस लेख आणि मशीनवाले दाजी

जिन्याखालच्या तिच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली, की तिसऱ्याला मशीनवरच बसावं लागे. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात बावीस वर्षं गेली होती. बोटांच्या पेरांत तेल मुरलं होतं आणि जिभेला धार आली होती. गिऱ्हाईक म्हणालं, "मशीन आपोआप बिघडलं," की ती म्हणे, "हो, तेही कंटाळलं असेल तुम्हाला."

तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून तिने ब्लॉग सुरू केला. एक बिघाड, एक लेख, चार फोटो. मशीनमधल्या खालच्या दोऱ्याच्या रिळावरून नाव ठेवलं 'बॉबिन'. सहा महिने वाचक एकच, थोरली बहीण. तीही नुसता अंगठा दाखवून मोकळी होई. मग एका शिंपिणीने लेखाखाली विचारलं, "माझं मशीन टाके सोडतंय, काय करू?" हिने सांगितलं, "सुई उलटी बसलीय, फिरवून लाव." मशीन चाललं. त्या आनंदात शिंपिणीने स्वतःचा ब्लॉग काढला आणि त्यात 'बॉबिन'चा पत्ता दिला. तिच्या मैत्रिणीने तिचा दिला. असं करत चाळीसेक ब्लॉग जमले. काही दुरुस्तीचे, काही 'बघा मी काय शिवलं' म्हणणारे, काही रोजनिशीवाले, ज्यांत मशीनपेक्षा सासूच जास्त. शिवाय परीक्षणवाले होतेच. कंपनीने फुकट पाठवलेलं मशीन त्यांच्याकडे हमखास उत्तम निघे.

प्रत्येकाच्या पानाच्या उजव्या कडेला बाकीच्यांची यादी असे, 'आपली माणसं'. तिच्यात शिरायचं तर जुन्या एकाने ग्वाही द्यायची आणि शेवटचा शब्द मास्तरीणबाईंचा. शिवणवर्गात तीस वर्षं पोरींना सरळ रेषेत शिवायला लावणाऱ्या या बाई यादीही तशीच सरळ ठेवत.

परीक्षणवाल्यांत दाजी आले. बहिणीचा नवरा, मशीनच्या शोरूमचा मालक. स्क्रूड्रायव्हर हातात धरला असेल तर डब्याचं झाकण उचकटायला. त्यांच्यासाठी ग्वाही हिनेच दिली.

वर्षभराने एका सकाळी सगळ्या याद्यांतून 'बॉबिन' गायब. तिने फोन केला. मास्तरीणबाई थंडपणे म्हणाल्या, "तुमचे सत्तावीस लेख जवळजवळ शब्दशः दाजींचे आहेत. तारखा पाहिल्या मी. त्यांचे आधीचे."

तारखा खऱ्या होत्या, हेच तर दुखणं. काही नवं उमगलं की ती जुना लेख पुसून, सुधारून पुन्हा टाकत असे, आणि त्यावर त्या दिवसाची तारीख पडे. दाजींनी मधल्या काळात तिचे लेख उचलून आपल्या पानावर चिकटवले होते. आता पाहणाऱ्याला दाजी आधीचे आणि ही चोर.

ती शोरूममध्ये गेली. दाजी हसले. "अगं, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं?"

"मग माझं नाव घालायचं."

"टायपिंगवाली विसरली असेल. मनावर काय घेतेस!"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. पहिल्यांदा मनात आलं, मुद्दाम चुकीचा लेख टाकावा, उचलू दे त्यांना. पण तो वाचून एखादी चुकीचा स्क्रू फिरवायची आणि सुई मोडून डोळ्यात जायची. सूड दाजींवर उगवायचा होता, मशीनवाल्या बायकांवर नाही. तो बेत सोडून ती आपल्या ब्लॉगचे आकडे चाळू लागली.

तिथे एक गंमत दिसली. लेख वाचणारे चाळीस, पण लेखातले फोटो उघडले गेलेले चार हजार वेळा! कुठून? दाजींच्या पानावरून. टायपिंगवालीने मजकूर जसाच्या तसा चिकटवला होता, पण फोटो उतरवून घेतले नव्हते. दाजींचं पान उघडलं की फोटो दर वेळी हिच्याच जागेतून मागवला जाई. म्हणजे भिंत दाजींची आणि तसबीर हिच्या कपाटातली. कपाटाची किल्ली हिच्याकडे.

ती दुकानात एकटीच हसली. मग पाटीवर खडूने अक्षरं काढायला बसली.

रविवारी दुपारी सगळ्यांची व्हिडिओवर बैठक होती. यादीतून नाव गेलं तरी बैठकीची लिंक तिच्याकडे होती. कॅमेरा बंद ठेवून ती एका कोपऱ्यात बसली. दाजी पडद्यावर आपलं पान दाखवत म्हणाले, "दोऱ्याचा ताण. हा लेख लिहायला मला महिना लागला." तिने तेवढ्यात आपल्या जागेतले फोटो काढून पाटीचे लावले. दाजींनी लेख उघडला.

चारही चौकटींत एकच पाटी उमटली: 'हा फोटो बॉबिनच्या कपाटातला आहे.'

"नेटचा घोळ दिसतोय," दाजी पुटपुटले आणि त्यांनी पान पुन्हा उघडलं. तोवर तिने दुसरी पाटी लावली होती: 'दाजी, बॉबिन-केसचा स्क्रू उजवीकडे फिरवला तर ताण वाढतो की कमी होतो?'

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "सांगा की. महिनाभर लिहीत होतात ना?"

"ते... ते मशीनवर अवलंबून असतं."

"शाळेतल्या पोरीला येतं हो हे!"

दाजींचा आवाज गेला, मग चेहराही गेला. संध्याकाळपर्यंत चाळीसही याद्यांत 'बॉबिन' परत आली आणि माफीच्या कॉमेंटांचा ढीग लागला. तिने एकीलाही उत्तर दिलं नाही. उलट आपल्या पानावरची 'आपली माणसं' कोरी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. "अगं, कालपासून जेवले नाहीत ते. शोरूमचं गिऱ्हाईक त्या पानावरूनच येतं, आणि तिथे तुझ्या पाट्या लटकतायत!"

"लेख काढून टाकायला सांग."

"मग पानावर उरेल काय?"

"तेच म्हणतेय मी, ताई."

"तू काय म्हणशील ते करतील गं."

"प्रत्येक लेखावर माझं नाव घालायचं, मी पहिल्यांदा कधी लिहिला ते घालायचं आणि आपण तो उचलला हेही लिहायचं. स्वतः. टायपिंगवाली नको."

दाजी एका बोटाने टाइप करत. रोज तीन लेख उरकत. ती रोज तपासे. पाचव्यात 'उचलला'ऐवजी 'घेतला' लिहिलं होतं, तो परत पाठवला. अकराव्यात नाव बारीक अक्षरात होतं, तोही परत. बहीण मधल्यामध्ये रडकुंडीला आली, तरी हिचं मन द्रवलं नाही.

दहाव्या दिवशी बहिणीचा फोन आला. "झाले बाई सत्तावीस. आता तरी पाट्या काढून खरे फोटो लाव."

"तपासते," ती म्हणाली, आणि पहिल्या लेखापासून सावकाश वाचायला लागली.