गुरुवारची वांगी

पिंपरीत आजवर देवाला सर्वांत जास्त त्रास कोणी दिला असेल, तर तो आमच्या चाळीतल्या कोपऱ्याच्या खोलीतल्या काकांनी. बाकीचे लोक देवाकडे मुलगा मागतात, बढती मागतात, फार तर लॉटरी मागतात आणि गप्प बसतात. काका त्याला रोज संध्याकाळी सात वाजता अख्ख्या चाळीचा अहवाल द्यायचे. गॅलरीत उभे राहून, डोळे मिटून, कंपनीच्या भोंग्याला लाज वाटेल अशा आवाजात. नगरकडचे ख्रिस्ती, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. त्यामुळे दया करायला त्यांच्याकडे वेळ भरपूर होता, आणि ती करण्यासाठी आमची घरं होती.

त्या वर्षांत कंपन्यांच्या गेटासमोर नोकरीच्या आशेने आलेली माणसं झाडाखाली बसलेली असत. सुटीचा भोंगा झाला की काका त्यांतला एखादा उपाशी चेहरा हेरून चाळीत घेऊन येत. एकदा त्यांनी तशा माणसाला स्वतःच्या हातचं जेवण वाढलं. दोन दिवसांचा उपाशी तो, पण दुसऱ्या घासाला ‘भूक न्हाई’ म्हणून उठला. काका खट्टू झाले. त्यांची समजूत घालताना मी बोलून गेलो, की पुण्यात शिकताना मी वार लावून जेवत होतो; दर वाराला एक घर. काकांचे डोळे चमकले. “आरं तिच्या, म्हंजी तुमच्यात ही सोय आधीपास्नं हाय की! मंग गुरुवार तुमचा.” रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सगळी चाळ वारांत वाटून टाकली. भटाब्राह्मणांची ही जुनी सोय एका ख्रिस्ती माणसाने कामगारांच्या चाळीत चालू केली, आणि तिला कारण मी, हे माझ्या बायकोने मला पुढे कित्येक वर्षं विसरू दिलं नाही.

कोणी कुचराई केली, की काका भांडत नसत. प्रार्थना करत. पाच नंबरमधले हेडक्लार्क मंगळवारचे. एका बुधवारी गॅलरीतून आवाज घुमला, “हे बापा, पाच नंबरच्या साहेबांना क्षमा कर. काल पाव्हणा जेवताना त्यांनी भाताचं पातेलं मांडीआड ठिवलं व्हतं. त्यांला मोठ्ठं पातेलं दे, म्हंजी मांडीआड मावायचं न्हाई. आमेन.” हे म्हणताना परिणाम पाहायला त्यांचा एक डोळा किलकिला उघडा असे. साहेब लालबुंद होऊन म्हणाले, “देवाशी काय बोलायचं ते खोलीत बोला!” काका नम्रपणे म्हणाले, “आत माजा आवाज कोंडतो, साहेब.” पुढच्या मंगळवारी पाच नंबरला शिरा झाला. काकांना पुरून उरल्या त्या फक्त आमच्या शेजारच्या कांबळेवहिनी. त्या चालू प्रार्थनेत ओरडत, “काका, देवाला सांगा, शुक्रवारी दोन-दोन माणसं धाडू नगं म्हनावं!”

मग एका साली माझ्या कंपनीला टाळं लागलं. तीन महिने झाले तरी उघडेना. मुलांना आजोळी धाडलं आणि चाळीत सांगितलं, सुटीला गेलीत. पोरवयात सात घरी जेवून शिकलो होतो. आता पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढा एकच हट्ट माझ्यापाशी शिल्लक होता. घरातलं पीठ संपलं तेव्हा बायको रिकाम्या परातीत हात आपटून भाकरी थापल्याचा आवाज काढायची, कारण भिंती पातळ होत्या. मला भुकेची भीती वाटत नव्हती, सातच्या प्रार्थनेची वाटत होती.

आणि गुरुवार आला. काका एकटेच आले. “आज पाव्हणा घावला न्हाई, मीच जेवतो,” म्हणून पाटावर बसले. बायकोने ताट मांडलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि ती तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. ताटात वाढायला काहीच नव्हतं. काकांनी ताटाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. तांब्याभर पाणी प्यायले, रिकाम्या ताटात हात धुतले आणि गॅलरीत गेले. मी मेल्यासारखा उभा राहिलो.

बाहेर आधी एक दणदणीत ढेकर ऐकू आली. मग आवाज, “हे बापा, नऊ नंबरला आज भरली वांगी काय झाली व्हती! तीन भाकरी खाल्ल्या. ह्या घराला असंच भरल्या हातानं वाढू दे. आमेन.”

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, “काका, देवाशी खोटं बोललात?”

“त्याला कशाला सांगतोय? तो आतच बसला व्हता, बघत व्हता. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी.”

सकाळी ते पिठाचा डबा घेऊन दारात. “माज्या खोलीत उंदरं लई झालीत. हे तुमच्यात ठिवा. उंदरांनी खान्यापरीस तुमीच खाल्लेलं बरं.” कंपनीचं टाळं निघेपर्यंत काकांच्या खोलीतले उंदीर काही कमी झाले नाहीत.

काका गेले ते निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी. मातीला सगळी चाळ आली होती; कधीकाळी आमच्याकडे वाराने जेवलेली, आता नोकरीत रुजलेली माणसंही होती. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला चार शब्द बोलायचेत का. मला प्रार्थना येत नाही. तरी पुढे झालो, डोळे मिटले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, “हे बापा, नऊ नंबरमधून बोलतोय. त्या गुरुवारी आमच्या घरी वांगी नव्हती. पीठसुद्धा नव्हतं. हा माणूस नुसतं पाणी पिऊन उठला.” पुढचं काही सुचलं नाही, म्हणून आमेन म्हटलं.

इतक्या वर्षांनी ते बोलून मला हलकं वाटलं. डोळे पुसत मागे आलो, तर कांबळेवहिनी हळूच म्हणाल्या, “आमाला समद्यांना तवाच ठावं व्हतं, भावजी. वांग्याचा वास कुठं आला व्हता?”