शेरूचं मेंढरू झालं तेव्हा

नूरबाई नसत्या, तर मी आज चामोर्शीत नसते; माहेरी गुहागरला मासे साफ करत बसले असते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही विचारणारच, "हिला परत कशी नाही पाठवली?"

नूरबाई आमच्या शेजारी. त्यांचं गाद्या भरायचं काम, अंगणात कापूस पिंजायचं मशीन. माझी शाळा सातवीत सुटली, मग लग्न झालं आणि समुद्रकाठची मी थेट या जंगलाच्या मुलखात. इथली पहिली थंडी! ओठ फुटले, टाचा फुटल्या. पण माझ्याहून वाईट हाल सासूबाईंच्या लाडक्या शेरूचे. कुत्र्याची कातडी इतकी कोरडी पडली, की तो अंग खाजवायला बसला की खाली कोंड्याची रांगोळी!

त्या दिवशी सासूबाई सकाळीच मार्कंड्याला दर्शनाला निघाल्या.

"शेरूच्या आंगाले टोरीचं तेल लावजो. मोहाच्या बियांचं हाय, लय गुणाचं. जमन नं तुले?"

"हो आई!"

"पाहू."

(हे 'पाहू' ज्यांनी सासूच्या तोंडून ऐकलंय, त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.) लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी काही माझ्यावर सोपवलं होतं. आणि सोपवलं ते काय, तर काळजाचा तुकडा!

बाटलीतलं तेल तुपासारखं गोठलेलं. मी ते चुलीपाशी ठेवून पातळ केलं. आता हे तेल बोटभर घ्यायचं आणि जनावराला उन्हात बसवून चोळायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला कोण सांगणार? मी अख्खी बाटली ओतली! तीही घरामागच्या गार सावलीत.

शेरू आधी खूश. मग तेल पुन्हा गोठायला लागलं. केसांचे खिळे झाले, शेपूट काठीसारखी ताठ. त्याने ती हलवून पाहिली, हलेना. माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. आणि पुढच्या क्षणी कुंपणावरून उडी मारून तो नूरबाईंच्या ताज्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात!

लोळला, लोळला, पोटभर लोळला. बाहेर आलं ते मेंढरू!

"अगे मेरी माँ!" नूरबाई ओरडल्या. "हे काय करून राह्यली तू?"

"नूरबाई, हा शेरू आहे हो!"

"शेरू? येच्या आंगावर तं माही अर्धी गादी हाय!"

मी रडायला लागले. "आई मला माहेरी पाठवतील!"

"रडू नको, पागल. बेसन आन, गरम पाणी आन."

आम्ही त्याला उन्हात ओढला. एक पाय मोकळा होतो न होतो, तोच दारात ऑटो थांबला. सासूबाई!

"नूर, हे मेंढरू कोनाचं वं?"

नूरबाईंनी पापणीही लववली नाही. "माह्या भावानं पाठोलं, बाई."

"छान हाय. आन आमचा शेरू कुठी हाय?"

आपलं नाव ऐकून मेंढरू भुंकलं.

सासूबाई कुंपणाला धरून उभ्या. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. दोन साड्या, एक स्वेटर...

"बाई, हिला काही बोलू नका," नूरबाई पुढे झाल्या. "मीच म्हनलं, पोराले थंडी वाजून राह्यली, कापूस लावू. चूक माही."

सासूबाईंनी शेरूकडे पाहिलं, रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, माझ्या तेलकट कोपरांकडे पाहिलं. आणि अशा हसायला लागल्या, की त्यांना धरून खाटेवर बसवावं लागलं.

"नूर, तुले खोटं बोलता येत नाई वं! आन सूनबाई, रडतं काऊन? शेरूचं आंग तं आता उन्हाळ्यापर्यंत फुटत नाई!"

मग तिघींनी मिळून संध्याकाळपर्यंत मेंढराचा कुत्रा केला.

नूरबाईंनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली, हे मी जन्मात विसरणार नाही. एक ना एक दिवस या उपकाराची परतफेड करणार म्हणजे करणारच! परवाच त्यांची बकरी अंग खाजवताना दिसली, म्हणून मी लगेच वाटीत तेल घेऊन धावले. नूरबाईंनी बकरीला घरात घेतलं आणि आतून कडी लावली.