खाऱ्या पाण्यातला चारा

ऐकायचंच म्हणता, तर ऐका, पण मधेच उठून जायचं नाही. मी आयुष्यात पुष्कळदा तोंडावर पडलोय. पण अख्ख्या गावासमोर, तेही गळ्यात हार घालून, एकदाच पडलो.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या ईट गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी पाऊस आला तसाच निघून गेला होता. टँकरचा हॉर्न वाजला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. शिवारातल्या ज्या दोन-चार विहिरींना पाणी होतं, ते इतकं मचूळ की गुरंसुद्धा तोंड लावून मागं सरायची.

आणि अशा गावात माझ्या घरात समुद्र होता!

हसू नका, खरं सांगतोय. माझा मेहुणा रत्नागिरीला नोकरीला. त्याला मासे पाळायचा नाद, आणि दुसऱ्याला नाद लावायचा त्याहून मोठा नाद. एकदा तो समुद्राच्या पाण्याचे कॅन आणि रंगीत मासे घेऊन एसटीनं थेट ईटला उतरला. एका मोठ्या काचेच्या टाकीत मासे सोडले. शेजारी एक छोटी टाकी मांडली, तिच्यात नुसतं समुद्रातलं शेवाळ. हिरव्या दोऱ्याचा गुंता असावा, तसं दिसायचं. एक बारका पंप या टाकीतलं पाणी त्या टाकीत फिरवायचा. माशांनी केलेली घाण शेवाळानं खायची आणि पाणी स्वच्छ ठेवायचं, अशी ती सोय.

पाणी आटलं की वरून गोडं पाणी घालावं लागे. आमच्या शैलाबाई, म्हणजे माझी बायको, तांब्या पुढं करून म्हणायच्या, “घ्या, तुमच्या समुद्राला तहान लागली असंल.” पण मासे तिलाही आवडायचे. माझ्याआधी तीच त्यांना खायला घालायची.

आता हे शेवाळ वाढायचं फार. वर बल्ब लावला की बघायलाच नको. मग अधूनमधून मूठभर उपटून मी उकिरड्यावर टाकायचो. एकदा टाकताना शेजारच्या धोंडिबाकाकांनी बघितलं. काकांची एक म्हैस होती, मथुरा. बाकीची जनावरं त्यांनी चाऱ्यापायी बाजारात नेली होती. हिला मात्र दावणीवरून सोडवायला जायचे आणि पाठीवर हात फिरवून तसेच परत यायचे.

“हिरवं हाय की ओ गुरुजी,” काका म्हणाले. “फेकायलाव कशाला?”

मी आपला विज्ञानाचा मास्तर. कुणी विचारलं की शिकवायला लागायचं, ही खोड. सांगितलं त्यांना, की याला माती लागत नाही, खत लागत नाही, पाणी खारं असलं तरी चालतं, नव्हे खारंच लागतं, आणि जितकं तोडाल तितकं वाढतं. काकांनी ते सगळं ऐकलं आणि निघून गेले. मला वाटलं, कंटाळले.

कसले कंटाळतात? ते तडक दूध सोसायटीत गेले होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना लोक बाजूला होऊन नमस्कार घालायला लागले. गुरुजींनी मचूळ पाण्यावरचा चारा काढलाय, अशी बातमी गावभर झाली होती. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब स्वतः घरी आले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. टाकीसमोर चप्पल काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, “आमच्या इहिरी मचूळ झाल्या म्हणून आमी रडलालो, आन तुमी त्येच्यावर उपाय काढलाव.”

तिथंच सांगायला हवं होतं की साहेब, विहिरीचं मचूळ पाणी वेगळं आणि समुद्र वेगळा. शिवाय हे शेवाळ जनावर खाईल की नाही, देव जाणे. पण तोवर शैलानं चहा आणला होता, बापूसाहेब मला शास्त्रज्ञ म्हणत होते, आणि मी म्हणालो, “बघू या.”

या दोन शब्दांनी घात केला.

ठरलं असं, की आधी जनावर खातंय का ते बघायचं. खाल्लं, तर सोसायटी विहिरीशेजारी हौद बांधणार. मी शेवाळ उपटून टाकणं बंद केलं आणि टाकीतच वाढू दिलं. मनात मात्र एकच आशा होती, की मथुरा वास घेऊन तोंड फिरवील आणि हे प्रकरण अब्रूनिशी मिटेल. समुद्राची वस्तू, माळावरची म्हैस कशाला खाईल?

सोसायटीच्या अंगणात गाव जमलं. नारळ फुटला, माझ्या गळ्यात हार पडला. मी छोट्या टाकीतलं सगळं शेवाळ उपटून टोपलीतून आणलं, अजून खारं पाणी गळत होतं. धुऊन घ्यावं असं आलं होतं मनात. पण दुष्काळात घागरभर पाणी शेवाळ धुण्यात घालवायचं? मनाला पटेना. तसंच पुढं ठेवलं.

मथुरेनं वास घेतला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा टोपली निम्मी रिकामी. अहो, काय खात होती ती! महिनोन् महिने वाळलेला कडबा चघळलेलं जनावर, त्याला हिरवं मिळालं, तेही मीठ लावलेलं. तिनं टोपली चाटून पुसून स्वच्छ केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडिबाकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून, काय सांगू, मलाही क्षणभर वाटलं, आपण खरंच काहीतरी शोधलंय.

मग मथुरेला तहान लागली.

काकांनी बादली दिली, ती संपली. दुसरी दिली, तीही संपली. मग तिनं दावं ओढलं आणि अंगणातल्या बॅरलकडं वळली. टँकरनं सकाळीच भरून दिलेलं, गल्लीच्या वाटणीचं पाणी! काका ओढतायत, मी हारासकट शेपटाला धरलंय, आणि म्हैस तोंड काढायला तयार नाही. बॅरलचा तळ दिसला तेव्हाच तिनं मान वर केली आणि समाधानानं माझ्याकडं बघितलं.

बापूसाहेब बॅरलमध्ये डोकावले आणि हळूच म्हणाले, “चारा लई बेस हाय, गुरुजी. फकस्त त्येच्या मागं एक तळं बी बांधून द्या.”

सगळं गाव हसलं. मी हार काढला. माझ्या घरच्या घागरी आणून बॅरलमध्ये ओतायला लागलो, तर बायकांनी हातातून घागर काढून घेतली. राहू द्या म्हणाल्या, मुक्या जनावराचं पोट भरलं आज. धोंडिबाकाका तर उलट माझ्या घरी दुधाचा तांब्या देऊन गेले. मथुरेनं त्या दिवशी दूध जास्त दिलं होतं म्हणे.

टाकीच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेल्या चिमूटभर शेवाळानं पुन्हा बाळसं धरलं, मासेही वाचले. पण मथुरेला काही केल्या चव विसरवेना. माळावरून परतताना रोज ती आमच्या दारात थांबायची, खिडकीतून मान आत घालायची आणि टाकीकडं एकटक बघत उभी राहायची. काका ओढून थकायचे.

त्या शाळेत मी पुढं बरीच वर्षं शिकवलं. पण माझ्या प्रयोगासाठी न बोलावता, रोज, अगदी वेळेवर येणारी विद्यार्थिनी मला उभ्या नोकरीत ती एकच मिळाली.