खिडकीजवळची रिकामी सीट

आमची दुपारची बस बंद होऊ नये म्हणून मी परिवहन मंडळाच्या सभेत बोलायला गेलो आणि ती कायम रिकामी असते, असं सांगून आलो.

सांगितलं अर्थात कौतुकाने. "हवी ती खिडकी मिळते, पाय पसरता येतात, कुणाचा धक्का नाही." मंडळाच्या एका सदस्यबाईंनी मान डोलावत ते लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलेलं नाही, त्यामुळे मी आणखी खुललो. शेजारी सुमनमावशी होत्या. याच बसने त्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात, दुसरी बस नाही. त्यांनी माझा शर्ट ओढला. मला ती शाबासकी वाटली.

खाली बसल्यावर भिंतीवरचा नकाशा दिसला. रंगीत रेघांच्या त्या जाळ्यात आमच्या बसची रेघ सगळ्यात बारीक. डिझेल किती, ब्रेक कधी तपासायचे, कुठल्या गावाने किती वेळ वाट पाहायची, सगळं या एका टेबलावर ठरतं, याचं मला नवल वाटत राहिलं. आणि रिकामी सीट तरी किती प्रकारची असावी? मला ती चैन, मंडळाला तोटा. मावशींना मात्र ती कधी रिकामी दिसलीच नसेल, कारण त्या स्वतः तिच्यावर बसलेल्या असतात.

निर्णय पुढच्या सभेवर गेला. जिना उतरताना मी म्हणालो, "मावशी, तेव्हाही येतो बोलायला."

"या की," मावशी म्हणाल्या. "पण तेव्हा बस बंद करा म्हणून बोला. म्हणजे वाचेल."